सरासरीआड दडलेले तालुके

नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की प्रादेशिक असमतोलाच्या प्रश्नाला आपल्याकडे दरवर्षी नव्याने पालवी फुटते, आणि अधिवेशनाचे सूप वाजले की ती गळून पडते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून एक अधिवेशन मिळाले, ते आजही होते. त्याच करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष पुरवण्याचे जे अभिवचन होते, त्याचा हिशेब मात्र अद्याप संपलेला नाही. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन पक्षकारांचा हा दावा आता सात दशकांचा होत आला. तो खोटा आहे असे मुळीच नाही. पण ज्या मोजपट्टीने तो मांडला जातो, ती मोजपट्टी सर्वांत दुबळ्या माणसापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न या वादात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

या मोजणीचा पाया प्रा. वि. म. दांडेकर यांनी घातला. १९८३ साली नेमलेल्या त्यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द राजकारणाच्या नित्याच्या भाषेत कायमचा रुजला. रीत सोपी होती. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रे घ्यायची, प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा त्या सरासरीखाली असेल त्याला तेथवर आणण्यासाठी किती खर्च येईल ते मांडायचे. एकूण आकडा निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के. भावनेच्या भरात चाललेल्या वादाला आकड्यांची शिस्त लावणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. नीळकंठ रथ यांच्यासमवेत भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडणाऱ्या विद्वानाकडून तीच अपेक्षा होती. तथापि या शेवटच्या ३७ टक्क्यांकडे त्या वेळी पुरेसे लक्ष गेले नाही. ज्याला सर्वजण ‘पुढारलेला’ म्हणत होते, त्या प्रदेशाच्या पोटातच अनुशेषाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग दडलेला होता.

दांडेकरांनी मोजल्या त्या सोयी. माणूस किती जगतो, किती शिकतो आणि त्याला कितपत बरे जगता येते, हे मोजण्याची पद्धत त्यानंतर सहा वर्षांनी, १९९० मध्ये, महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या विचाराच्या आधाराने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने रूढ केली. हाच मानव विकास निर्देशांक. महाराष्ट्राने स्वतःचे असे दोन अहवाल काढले, एक २००२ मध्ये आणि दुसरा २०१२ मध्ये. दुसऱ्या अहवालात राज्याचा निर्देशांक ०.७५२ होता. मुंबई ०.८४१ घेऊन अग्रभागी, पाठोपाठ पुणे ०.८१४ आणि ठाणे ०.८००. तळाशी नंदुरबार ०.६०४, त्याच्या किंचित वर गडचिरोली ०.६०८.

हा अहवाल नुकताच हाती आला होता त्या सुमारास नवी मुंबईतील आमच्या महाविद्यालयात मी तो वर्गात शिकवत होतो. फळ्यावर जिल्ह्यांची उतरंड लिहिली आणि आपला ठाणे जिल्हा तिसरा असल्याचे, कबूल करतो, थोड्या अभिमानानेच सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, ह्यात मोखाडा धरलाय का?” मुलगा आश्रमशाळेत शिकून आलेला, मोखाड्याकडचा. मी म्हटले, धरला आहे, मोखाडा ठाण्यातच आहे. तो खाली बसला, आणि माझे उत्तर बरोबर असूनही काहीतरी चुकले आहे हे मला तास संपेपर्यंत जाणवत राहिले.

काय चुकले ते गणिताने पाहू. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती. देशातील तो सर्वांत मोठा जिल्हा होता. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात दोन. आता असे समजा की उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचा निर्देशांक ०.८०० आहे आणि या दोघांचा त्याच्या निम्मा, ०.४००. (निर्देशांक काढण्याची खरी रीत इतकी साधी नाही, पण मुद्दा कळण्यास एवढे पुरे.) सरासरी किती येईल? ०.७९२. चौथ्या क्रमांकावरचे नागपूर ०.७८६ वर होते. म्हणजे जव्हार-मोखाड्याचे जीवनमान निम्म्यावर असते तरी ठाण्याचा तिसरा क्रमांक ढळला नसता. एकट्या नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत त्या वेळी ११ लाखांवर लोक राहत होते, या दोन तालुक्यांच्या पाचपट. आमच्या सुबत्तेच्या वजनाखाली त्यांची दैना कागदावरून पुसली गेली होती.

आणि ती दैना अज्ञात होती असेही नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. मंत्र्यांच्या गाड्या प्रथमच त्या वाटेला लागल्या. वाशीच्या पुलावरून ते गाव काही परमुलखात नाही, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपासचे. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून आठ तालुके काढून पालघर हा ३६ वा जिल्हा झाला, आणि ज्या सिडकोने आमचे शहर उभारले तिनेच पालघरचे जिल्हा मुख्यालयही बांधले. वाटले होते, आता तरी या तालुक्यांचे खरे रूप आकड्यांत उमटेल. परंतु नव्या जिल्ह्यात वसई-विरारची महानगरी आली. पडदा तोच राहिला, फक्त ठाण्याच्या ठिकाणी वसई आली.

सरासरीचा हा दोष अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. गंभीर गोष्ट पुढे आहे. या समृद्ध आणि दरिद्री तालुक्यांचे नाते निव्वळ शेजाराचे नाही, ते देण्याघेण्याचे आहे. तानसा आणि भातसा यांचे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, आणि त्याच शहापुरातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सूर्या प्रकल्प मुळात आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी आखला गेला, त्याच्या पाण्याचा मोठा वाटा शहरांकडे वळला. मुंबईतील नळाचे पाणी तेथील आयुर्मान वाढवते, म्हणजेच तिचा निर्देशांक वाढवते. ज्या डोंगरावर तो पाऊस पडला तेथील बाईच्या डोक्यावरचा हंडा कोणत्याही निर्देशांकात मोजला जात नाही.

पाण्यासारखीच माणसेही उतारावरून येतात. भात, नागली, वरईचे पीक निघाले, दिवाळी झाली, की वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, कोणी ठाणे आणि नवी मुंबईतील बांधकामांवर. घरटी एक म्हातारी मागे राहते, मुले बहुधा बरोबर. शाळेच्या हजेरीपटावर नाव असते, मूल नसते. अंगणवाडीच्या वजनाच्या वहीतही तेच. शिमग्याला मंडळी परततात, तोवर शाळेचे वर्ष हातचे गेलेले असते. हे थांबावे म्हणूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्राने त्या विचाराचे अनुकरण केले. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोजक्या मौलिक कल्पनांपैकी ही एक. पण मजुरी हाती पडायला आठवडेच्या आठवडे लागत असतील, तर आगाऊ उचल देणारा भट्टीवाला सरकारपेक्षा भरवशाचा वाटणारच. त्यात त्या कुटुंबाचा दोष काय?

आता नंदुरबारकडे पाहू, कारण मोजपट्टीचा प्रश्न तेथे आणखी विचित्र रूप घेतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१२ च्या अहवालात राज्यात शेवटचा ठरला. २०११ ची साक्षरता राज्यात ८२.३ टक्के, नंदुरबारमध्ये ६४.४. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तेथील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. सातपुड्यातील अक्कलकुवा आणि धडगाव या तालुक्यांत नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या वस्त्यांना औषध पोहोचवण्यासाठी तरंगता दवाखाना चालवावा लागला. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ याच जिल्ह्यातील ३३ गावांना लागली. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. नंबर देण्यात नंदुरबार पहिले आणि निर्देशांकात शेवटचे, यावर वेगळे भाष्य नको.

परंतु हे नंदुरबार घटनेच्या ३७१ (२) या अनुच्छेदाखालील वाटणीत कोठे बसते? ‘उर्वरित महाराष्ट्रात’. म्हणजे पुणे, कोल्हापूर, सांगली, ठाणे यांच्या पंगतीत. विदर्भाच्या बाजूने बोलायला विदर्भाचे पुढारी आहेत, मराठवाड्याच्या बाजूने मराठवाड्याचे. राज्यातील तळाच्या जिल्ह्याला मात्र प्रादेशिक अन्यायाची तक्रार करण्याचीही सोय नाही, कारण तो कागदोपत्री श्रीमंतांच्या घरचा. आदिवासी उपयोजनेचा स्वतंत्र निधी आहे हे खरे, आणि सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर तो आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे धोरणही ठरले. पण तो प्रदेशाच्या हक्काचा निधी नव्हे. अनुशेषाच्या भांडणात या जिल्ह्याची बाजू कोणी मांडत नाही, एवढेच येथे म्हणायचे आहे.

या बाबतीत युरोप खंडाचा अनुभव पाहण्याजोगा आहे. आपले राज्य काही लहान नव्हे. रशिया वगळला तर युरोपातील कोणत्याही देशापेक्षा महाराष्ट्राची लोकसंख्या अधिक आहे, आणि एकटा नंदुरबार एस्टोनियाहून मोठा आहे. तेव्हा खंडाशी तुलना अतिशयोक्तीची ठरू नये. युरोपीय संघात मागास भागांसाठीचा विशेष निधी देशाची सरासरी पाहून ठरत नाही. साधारण आठ लाख ते तीस लाख वस्तीचे प्रदेश पाडले जातात, आणि ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, तो मागास गणला जातो. त्यामुळे लोंबार्डी श्रीमंत आहे म्हणून कालाब्रियाचे दारिद्र्य इटलीच्या सरासरीत विरघळत नाही. त्या मापाने पाहिले तर जुना ठाणे जिल्हा हा मोजणीचा एकक म्हणून फारच मोठा ठरला असता. तेथेही विषमता मिटलेली नाही, दक्षिण इटली आजही मागेच आहे. पण कोण मागे आहे याबद्दल तरी संभ्रम नाही.

आकडा वाचण्यातही सावधगिरी हवी. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. हे वाचून कोकणात स्त्रीजन्माचे स्वागत होते असा निष्कर्ष काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. वस्तुतः पुरुष मुंबईला आहेत, एवढाच त्याचा प्रमुख अर्थ. त्या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. मुंबई शहरात हेच प्रमाण ८३२ होते. दोन आकडे शेजारी ठेवले की एकाच कुटुंबाचे दोन तुकडे दिसतात.

अनुशेष रुपयांत मोजण्याच्या रूढीचा आणखी एक परिणाम झाला. इमारत झाली की अनुशेष संपला. आरोग्य केंद्र मंजूर झाले, पद मंजूर झाले, निधी वितरित झाला, रकाना भरला. त्या पदावर माणूस आहे का, तो पाड्यावर जातो का, हे विचारणारा रकानाच नाही. याउलट गडचिरोलीतील अनुभव पाहावा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. रस्ते तेच होते, दरडोई उत्पन्न तेच होते. फरक पडला तो दाराशी जाणाऱ्या, शिकलेल्या, वजनकाटा हाती असलेल्या बाईमुळे. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामाचा भाग झाली. सोयींच्या हिशेबात अशा बाईची किंमत किती धरायची, हे दांडेकर समितीच्या चौकटीत बसणारे नव्हते, आणि नंतरच्यांनीही ते फारसे बसवले नाही. राज्याच्या मानव विकास मिशनने २०११ पासून १२५ तालुके निवडून मुलींना सायकली आणि शाळेसाठी निळ्या बसगाड्या दिल्या. त्या कामात तालुका हे एकक आले, ही जमेची बाजू.

तालुका हेच एकक असावे, असे विजय केळकर यांच्या समितीनेही म्हटले होते. २०११ मध्ये नेमलेल्या या समितीचा अहवाल २०१३ मध्ये शासनाला मिळाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला. विदर्भात त्यावर नाराजी उमटली. तालुके मोजू लागलात तर प्रदेशाचा हक्क पातळ होईल, पश्चिम महाराष्ट्रातील दुष्काळी तालुके पुढे करून आमच्या तोंडचा घास काढला जाईल, अशी ती भीती. ती निराधार नाही. अमरावती विभागातील सिंचनाचा अनुशेष राज्यपालांच्या निर्देशांनंतरही वर्षानुवर्षे रेंगाळला, हे सर्वज्ञात आहे. पण तिच्यावर उपाय तालुक्याकडे पाठ फिरवणे हा नव्हे. पाटबंधाऱ्यांचा आणि उद्योगांचा हिशेब प्रदेशाने करावा, कारण नदी आणि कारखाना तालुक्याची हद्द पाळत नाहीत. बालमृत्यू, मुलींचे शिक्षण, पोषण यांचा हिशेब मात्र तालुक्यानेच करावा. दोन वह्या ठेवल्याने कोणाचा हक्क बुडत नाही.

तालुक्याचे आकडे विश्वसनीय मिळत नाहीत, हा दुसरा आक्षेप. दरडोई उत्पन्नाच्या बाबतीत तो मला मान्य आहे, आणि आरोग्य पाहणीचे नमुनेही जिल्ह्याखाली उतरत नाहीत. मग निर्देशांकाचा हट्ट कशाला? किती बालके जन्मली, वर्षाच्या आत किती गेली, पहिलीत आलेल्या मुलींपैकी दहावीला किती बसल्या, मंजूर पदांवर आज प्रत्यक्ष किती माणसे हजर आहेत, एवढे चार आकडे पंचायत समितीच्या दप्तरातून निघतात. ते दरवर्षी तालुकावार छापले जावेत. हे काम वैधानिक विकास मंडळांनी करायला हवे होते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये घेतला, परंतु निर्णय होणे आणि मंडळ कामाला लागणे यांत आपल्याकडे मोठे अंतर असते. आणि ती कामाला लागली तरी ‘उर्वरित’ नावाच्या गाठोड्यातून कोकण आणि खानदेशाचे डोंगरी तालुके मोकळे झाल्याखेरीज नंदुरबार आणि मोखाड्याला त्यांचा उपयोग बेताचाच.

या सर्व चर्चेला एक तातडीचे निमित्त आहे. वर दिलेले लोकसंख्येचे आकडे २०११ चे आहेत याची वाचकांनी नोंद घेतलीच असेल. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख जून २०२५ मध्ये जाहीर झाली. २०११ ची प्रगणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली होती. जो माणूस या सबंध काळात घरापासून दूर असतो, तो जेथे सापडेल तेथे मोजला जातो, असा जनगणनेचा नियम आहे. फेब्रुवारी हा वीटभट्टीचा ऐन हंगाम. म्हणजे जव्हार-मोखाड्याची जी कुटुंबे दिवाळीनंतर डोंगर उतरली, ती भिवंडीच्या किंवा वसईच्या नावावर जमा होतात. २०२७ मध्ये होळी मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. ती घरी पोहोचतील तेव्हा मोजणी आटोपलेली असेल.

शिधा, शिक्षकांची पदे, आरोग्य उपकेंद्रे हे सारे लोकसंख्येवर ठरते. ज्या तालुक्याची माणसे दुसऱ्याच्या हिशेबात गेली, त्याला दहा वर्षे कमी पदे मिळणार. भिवंडीतील प्रगणकाला भट्टीवरच्या झोपडीत मोखाड्याचे कुटुंब सापडले तर त्याचे मूळ गाव तो विचारील, पण ती नोंद स्थलांतराच्या तक्त्यात जाईल, मोखाड्याच्या लोकसंख्येत नव्हे. राज्य शासनाला जनगणनेचा नियम बदलता येणार नाही. मात्र दिवाळीपूर्वी, कुटुंबे गावात असतानाच, अंगणवाडी सेविका आणि तलाठी यांच्याकरवी या तालुक्यांची स्वतंत्र यादी करून घेणे आणि पदे मंजूर करताना तीच यादी आधार मानणे, हे पूर्णपणे राज्याच्या हातात आहे. त्यासाठी नव्या मंडळाची गरज नाही आणि दिल्लीच्या परवानगीचीही नाही. फेब्रुवारी २०२७ पूर्वीची शेवटची दिवाळी नोव्हेंबर २०२६ मध्ये येते.